कंपनीने लावलेलं आमचं शेत

तीर्थस्वरूप दत्तात्रेयदादांस,
रामचंद्राचा शिरसाष्टांग नमस्कार.

इकडे सगळी खुशाली. आपला गुडघा कसा आहे? (आमची ही, सखू, म्हणाली, दादांना विचारा. विचारलं.) आमच्या विपुलला आपण शब्द टाकून कारखान्यात चिकटवलंत, ते उपकार रोज आठवतात. भातलावणीच्या दिवसांत तर फारच.

गावाच्या प्रगतीचं काय सांगावं! पूर्वी आज तुझ्या शेतात, उद्या माझ्या, अशी अख्खी आळी चिखलात असायची. आता ज्याची त्याची शिफ्ट. बारसं साप्ताहिक सुट्टी बघून, साखरपुडा शिफ्ट बघून. पंचांग भटजींनी उशाला घ्यायचं. आमचा कोंबडासुद्धा हल्ली जनरल शिफ्टला आरवतो. यंदा रोपं पिवळी पडायला लागली तरी लावायला माणूस मिळेना. विपुलला म्हटलं, बाबा रे, एक दिवस तरी ये. (एका घरात राहून आमची भेट होते ती त्याच्या रिकाम्या डब्याशी.) तो म्हणाला, रजा न्हाय मिळत.

तेवढ्यात त्याच्याच कंपनीचे एक साहेब दारात हजर. कामगारांना मातीचा अनुभव द्यायचाय म्हणे, तर रस्त्यालगतचं शेत हवं, बस उभी राहील असं. ज्यांचे बापआजे चिखलात उभे राहून म्हातारे झाले, त्यांना अनुभव! म्हटलं, आमच्याकडे अनुभव भरपूर पडलाय, हवा तेवढा न्या. रोपं जगली म्हणजे झालं.

बस आली. पिवळे टीशर्ट, हातात रबरी मोजे, डोक्यावर हेल्मेट. लावणी करताना आभाळातून काय पडतं, ते मला या वयात कळायचं होतं. शेताभोवती दोरी बांधली, कंपनीचा फलक लावला. मी रोपांच्या मुठी घेऊन आत शिरलो, तर सुरक्षा अधिकाऱ्याने अडवलं. हेल्मेटशिवाय प्रवेश नाही. मी म्हटलं, हेल्मेट घालून भात लावण्याइतका गाढव मी अजून झालो नाही, आणि जाऊन बांधावर बसलो. माझ्याच. बघतो तर रांगेत आमचे चिरंजीव! बापाच्या शेतासाठी न मिळालेली रजा बापाच्याच शेतासाठी भरपगारी मिळाली होती. शिट्टी वाजली की वाकायचं, शिट्टी वाजली की चहा. लावणी मागे सरकत करतात. साहेब लावत लावत पुढे आले, म्हणजे लावलेलं सगळं स्वतःच तुडवलं. विपुल गुपचूप त्यांच्या मागून ते पुन्हा लावत होता.

फोटो निघाले, शेवटची शिट्टी झाली, सगळे बसकडे पळाले. एक कोपरा तसाच राहिला होता. विपुल हलेना. साहेबांनी हाक मारली, तर मान वर न करता म्हणाला, "शेत माझ्या बापाचं हाय, साहेब. कोपरा सोडला तर वर्षभर बोलंल तो."

बस हॉर्न मारत राहिली, आणि त्याने कोपरा पुरा केला. दादा, खरं सांगतो, मला फार बरं वाटलं.

आपला,
रामचंद्र

ता. क. पेपरात फोटो आलाय. साहेब आणि फलक झकास. विपुलची नुसती पाठ दिसते. सखूने पाठीवरून ओळखला आणि कात्रण देव्हाऱ्यात ठेवलं.

पुन्हा ता. क. पत्राचं कारण राहिलंच. ते साहेब आपल्या ओळखीचे. कामगारांना कापणीचाही अनुभव द्या, असं त्यांच्या कानावर घालावं. हेल्मेट मी घालीन. फक्त मला दोरीच्या आत, विपुलच्या शेजारी उभं करायला सांगा.