बेंजोसाठी एक खुर्ची

सर, आज बेंजोच्या तारा बदलायला बसले आणि तुमची आठवण आली. नववीत होते मी. स्नेहसंमेलनात बेंजो वाजवते म्हणाले, तर निवड करणाऱ्या बाईंनी "हे हळदीतलं वाद्य, शाळेत शोभत नाही" म्हणून नाव खोडलं. कोपरच्या खाडीकाठी आम्हा कोळ्यांची हळद बेंजोशिवाय होत नाही, हे खरंच होतं. पण मला ते इतकं लागलं की घरी येऊन बेंजो पोटमाळ्यावर टाकला, पुन्हा हात लावायचा नाही म्हणून. तुम्ही इंग्रजी शिकवायचात. वर्गाबाहेर थांबवून चांगलं खडसावलंत, "अगं, एवढ्यात हात टेकलेस? रविवारी सकाळी आमच्या फिल्म क्लबच्या हॉलवर ये. बेंजो आहे."

बेंजो आहे म्हटल्यावर आमच्याकडे अर्थ एकच, हळदीत वाजवायची सुपारी मिळाली. आईने लगेच बेंजो खाली काढला. "हलदीला चाललीस तं गजरा नको?" म्हणत माझ्या केसांत हा एवढा गजरा माळला. तशी मी डोंबिवलीच्या त्या हॉलमध्ये शिरले, काखेत बेंजो! शबनमवाले, चष्मेवाले सगळे वळून बघतायत. हळद नाही, सिनेमा आहे हे कळल्यावर मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तुम्ही मात्र हसला नाहीत. शेजारची खुर्ची ओढून "हाही पाहुणाच" म्हणालात आणि बेंजो तिच्यावर ठेवलात. सर, त्या खुर्चीसाठी मी तुमची जन्माची ऋणी आहे.

अंधार होतो. युद्धानंतरचं पडकं परदेशी शहर, आणि आपला मित्र मेला कसा हे विचारत फिरणारा एक माणूस. संगीत म्हणून फक्त एक तारांचं वाद्य, सुरुवातीपासून वाजतंय. पडद्यावर माणूस पुरतायत आणि तारा खुशाल नाचतायत. "बेंजो नव्हे हं हा," तुम्ही कुजबुजता, "त्याचा मावसभाऊ समज." माझी बोटं परकरावर चालू होतात.

नंतर चहाच्या वेळी तुम्ही "वाजव" म्हणालात. मी सिनेमातली धून आठवेल तशी वाजवली, दोन ओळींत तिची हळद झाली, आणि चष्मेवाले पायांनी ताल धरू लागले. संमेलनासाठी बाईंना तुम्हीच राजी केलंत. आज माझी स्वतःची बेंजो पार्टी आहे, लग्नसराईत जेवायला फुरसत नसते.

तुम्ही तर गेलात, हे पत्र टाकणार कुठे? बेंजोच्या पेटीतच राहील. तुम्ही भेटलात की विचारायचात, "काय, शेवट आवडला होता ना?" मी मान डोलवायचे. खरं सांगू, सर? मी डोळे मिटून नुसती ऐकत बसलेले. तो मित्र खरंच मेला होता की नाही, मला अजून ठाऊक नाही.