कुठल्या हाताने

१२ जून

चि. सौ. ठकूस,
अनेक आशीर्वाद.

फोन नको, पत्र लिही असं बजावलंस ते बरं केलंस. फोनवर मी सगळं ठीक आहे म्हणतो आणि ठेवून देतो. कागदावर मला तेवढं सहज खोटं जमत नाही.

बाबांना झटका येऊन आज दोन महिने झाले. बोलणं जड आहे, पण सगळं समजतं. उजवा पाय ओढत का होईना, चालतात. प्रश्न उजव्या हाताचा आहे. व्यायामाच्या बाई आठवड्यातून दोनदा येतात. त्यांनी स्पष्ट सांगितलंय की हात परतायचा असेल तर पहिल्या सहा महिन्यांत परततो, पुढे आशा फार थोडी. म्हणजे आता चार महिने. त्या दाबायला मऊ चेंडू देतात. बाबा तो खिडकीत ठेवून देतात आणि म्हणतात, एकतीस वर्षं मालधक्क्यावर क्रेन चालवली, आता चेंडू खेळू काय.

तेव्हा बाईंनीच सुचवलं की व्हिडिओ गेम आणा, त्यात क्रेनचेही असतात. कंट्रोलरला दोन छोट्या दांड्या असतात, एक डाव्या अंगठ्याला, एक उजव्या. क्रेनच्या केबिनमध्येही दोनच दांडे. निदान त्या मोहाने तरी हात हलेल.

झालं, तेव्हापासून मी दुकानाच्या फेऱ्या मारतोय. पाण्याचे नमुने तपासणारा माणूस मी, तक्ता केल्याशिवाय मला काही सुचत नाही. कंट्रोलरचं वजन, दांडीला लागणारा जोर, बटणांमधलं अंतर, वायर की बिनवायरी असे अकरा रकाने झालेत. एका कन्सोलचं चित्र डोळे दिपतील असं आहे, पण कंट्रोलर जड. दुसरं छोटं, स्टँडवर ठेवलं की टीव्हीवर दिसतं आणि त्याच्या कंट्रोलरचे दोन तुकडे होतात, प्रत्येक हातात एक. तिसऱ्याबरोबर एक सपाट पाटी मिळते, तिच्यावर बशीएवढी दोन बटणं. ती ज्यांचे हात चालत नाहीत त्यांच्यासाठी. दुकानदाराने ती मी न विचारताच काढली आणि मी न पाहिल्यासारखं केलं. असं का केलं हे मला अजून कळलेलं नाही.

तुझी वहिनी म्हणते, तुमचा तक्ता पुरा होईपर्यंत बाबा बरे होऊन कामावर रुजू होतील. तू काय म्हणतेस ते लवकर कळव. तब्येतीला जप.

तुझा,
दादा


२० जून

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र चष्म्याच्या दुकानात, दोन गिऱ्हाइकांच्या मधे वाचलं. ही काच बरी की ती, असं मी दिवसभर लोकांना विचारते. तुझ्यासारखी चार माणसं रोज आली तर मालक दुकानाला कुलूप लावेल.

तुकडे होणारं घे. हलकं आहे, आणि हात मांडीवर ठेवूनही धरता येईल. टीव्हीपासून आठ फुटांवर खुर्ची ठेव, बाबांचा जुना नंबर मला पाठ आहे. आणि एक कर, अकरा रकान्यांत बाबांना काय आवडेल हा बारावा घाल.

सातवा महिना लागल्यापासून डॉक्टरांनी माझा प्रवास बंद केलाय. इथे बसून सल्ले देण्यापलीकडे माझ्या हातात काही नाही, म्हणून रागावू नकोस. बाबांना रडवू नका एवढंच मागणं. वहिनीला नमस्कार, आणि तुझ्या तक्त्यालाही.

तुझी,
ठकू


९ जुलै

चि. सौ. ठकूस,
अनेक आशीर्वाद.

तू म्हणालीस तेच आणलं. शिवाय स्टँड, लांब केबल, दांडीवर चढवायची रबरी टोपी आणि मनगटाचा पट्टा. पहिल्या दिवशी उजवा तुकडा पट्ट्याने हाताला बांधला. क्रेन डावीकडे वळली, उजवीकडे वळली, पण आकडा जमिनीवरून उठेना, कारण उचलण्याची दांडी उजव्या हाताला. मी वीस मिनिटं घड्याळ लावून बसलो होतो, तसं बाईंनी सांगितलं होतं. बाबांचा अंगठा दांडीवरून घसरायचा, मी परत ठेवायचो. शेवटी त्यांनी दोन्ही तुकडे मांडीवर ठेवले आणि म्हणाले की धक्क्यावर असा माणूस दिसला तर त्याला केबिनमधून खाली उतरवतात. मग भिंतीकडे तोंड केलं. रडले असं मी म्हणणार नाही, पण तू मागितलं होतंस ते आमच्याकडून झालं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी तुझ्या वहिनीने सेटिंगमध्ये शिरून शोधून काढलं की उचलण्याचं काम डाव्या तुकड्याच्या बटणांवर आणता येतं. तिने आणलं. ठकू, बाबांनी एका बैठकीत अकरा खोके उचलून जहाजावर ठेवले. वर हा गेम बावळट आहे म्हणाले, दोर झुलत नाही, वारा नाही, खाली कुणी शिव्या देत नाही. मग चहा मागितला. तीन महिन्यांत त्यांनी काही मागितल्याची माझ्या डायरीतली ही पहिली नोंद.

परवा बाईंनी विचारलं, खेळतात का? मी म्हटलं, रोज तासभर. त्या खूश झाल्या. कुठल्या हाताने हे त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांनी तो डावा बंद करायला लावला असता आणि बाबा परत भिंतीकडे वळले असते. आठवडाभर राहू द्यावं, मग सांगेन असं ठरवलंय. हे बरोबर की चूक, तू सांग.

तुझ्या उत्तराकडे डोळे लावून बसलेला,
दादा


१७ जुलै

ती. दादास,
सा. न. वि. वि.

बाबांनी चहा मागितला हे वाचून मी इतकी रडले की तुझे मेहुणे घाबरून रिक्षा बोलवायला निघाले.

चूक कसली त्यात? चांगलं चाललंय ते चालू दे. माणूस आधी उठून बसला पाहिजे, हाताचं मग बघू. एका हाताने खेळायचा वेगळा कंट्रोलर मिळतो. तो मी मागवलाय, तुमच्या पत्त्यावर येईल. सगळी बटणं डाव्या बोटांखाली. बाबांना सांग, लेकीने पाठवलाय, तक्ता न करता.

आता आठवा. पाय सुजतात, बाकी मजेत. वहिनीची माया अशीच राहो, तुझी आहेच.

ठकू


१३ ऑक्टोबर

चि. सौ. ठकूस,
अनेक आशीर्वाद. बाळास गोड पापा.

काल सहा महिने झाले. बाईंनी बाबांसमोर पेला, पेन्सिल आणि रुमाल ठेवला. उजवा हात कशालाच गेला नाही. खांदा थोडा उचलला, बोटं नाहीत. मग त्या म्हणाल्या की खेळताना बघू द्या. बाबांनी तू पाठवलेला कंट्रोलर डाव्या हातात घेतला आणि कामाला लागले. उजवा हात मांडीवर, घडी घातलेल्या पंच्यासारखा.

बाईंनी आपलं सामान पिशवीत भरलं. जिन्यात विचारलं, कधीपासून? दुसऱ्या दिवसापासून, असं मी सांगितलं. त्या म्हणाल्या की जो हात वापरला जात नाही तो मेंदूही हळूहळू विसरतो, म्हणून तर गेम सुचवला होता. मी विचारलं, उजव्याने खेळले असते तर परतला असता का? त्या एक पायरी उतरल्या. मग म्हणाल्या, कदाचित. इतका गेलेला हात बहुतेकदा परतत नाही, पण नाहीच असं मी लिहून देणार नाही.

आमच्या प्रयोगशाळेत आम्ही एक नमुना तसाच बाजूला ठेवतो, त्यात काही मिसळत नाही, मग दुसऱ्याशी ताडून बघतो. बाबा एकच आहेत. कशाशी ताडू?

घरी येऊन डायरी काढली. नव्वदहून जास्त दिवशी लिहिलंय, आज बाबा खेळले, प्रसन्न. एकाही दिवशी हाताचा उल्लेख नाही. आठवड्याने सांगेन म्हटलं होतं. आठवडा संपल्याची नोंदही नाही. बाईंना सांगितलं नाही ते एक वेळ समजू शकतो. मी स्वतःलासुद्धा सांगितलं नाही. बाबांना हे सांगावं की नाही, काही सुचत नाही.

दादा


१९ ऑक्टोबर

ती. दादास,
सा. न. वि. वि.

बाळ मांडीवर आहे, म्हणून अक्षर वाकडं.

तो कंट्रोलर मी पाठवला. चालू दे असं मी लिहिलं. तू विचारलं होतंस आणि मी विचार न करता उत्तर दिलं. तेव्हा यातलं अर्धं माझ्या नावावर घे, सगळं एकट्याने उचलू नकोस.

बाबांना मात्र सांगू नकोस, पाया पडते. हात गेला तो गेला, आता तो वाचला असता हे कळून त्यांना काय मिळणार? तुझं मन हलकं करायला त्यांचं जड करू नकोस. हे लागेल असं लिहिलंय. लागलं तर माफ कर, पण ऐक.

ठकू


२६ ऑक्टोबर

चि. सौ. ठकूस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र येण्याच्या आदल्या दिवशी मी सांगून बसलो होतो. आधी आलं असतं तर थांबलो असतो का, माहीत नाही.

बाबा खेळत होते. मी खुर्चीशेजारी स्टुलावर बसलो आणि सगळं सांगितलं, बाईंपासून लपवलेलं, डायरी, जिना, सगळं. त्यांनी खेळ थांबवला नाही. हातातला खोका जहाजावर नीट टेकवला, मग कंट्रोलर खाली ठेवला. बोलायला त्यांना वेळ लागतो, मी वाट पाहिली.

ते म्हणाले, केबिनमध्ये बसलं की दोर कधी सैल पडला ते खाली न बघता कळतं. हा हात सैल पडल्याचं मला दवाखान्यातच कळलं होतं. मी विचारलं, मग तेव्हा का नाही सांगितलं? तर म्हणाले, तू दुकानं पालथी घालत होतास, टोप्या आणत होतास, पट्टे आणत होतास. तुला सांगून घरी बसवलं असतं तर तू काय केलं असतंस? तुझ्याकडे बघवलं नसतं.

म्हणजे मी त्यांचं मन राखत होतो, आणि ते माझं.

ठकू, हे खरं असेल, किंवा मला सोडवण्यासाठी त्यांनी आत्ताच जुळवलं असेल. मी त्यांचा चेहरा निरखून पाहिला, पण झटक्यापासून त्यांची एक बाजू हलत नाही आणि दुसरी ते हलू देत नाहीत. तुझ्या वहिनीला विचारलं. ती म्हणाली, बाप आहेत, दोन्ही असेल. बाईंना विचारायचं राहिलं, आणि विचारलं तरी त्याही कदाचित असंच म्हणतील. यापुढे मला शोधायला जागा नाही.

थोड्या वेळाने बाबांनी विचारलं की यात दोघांना खेळता येतं का. येतं म्हटलं. तर म्हणाले, मग आणखी एक कंट्रोलर आण, क्रेनखाली माल लावणारा कुणीतरी लागतो, मी किती दिवस एकटाच चालवू? कुठला आणू असं मी सवयीने विचारलं. ते म्हणाले, तुझ्या हातात बसेल तो.

उद्या कामावरून सुटलो की दुकानात जाईन. आज संध्याकाळी नवा कागद घेऊन रकाने आखायला बसलो होतो आणि पहिल्याच रकान्यात अडलो. इतक्या महिन्यांत माझ्या हाताचं माप काय ते मी कधी पाहिलंच नव्हतं.

बाळाला आणि तुला सांभाळ. रागावली असशील तरी लिहीत राहा.

तुझा,
दादा