जंक्शन कोणाकडे राहील

अल्लाहच्या नावाने सुरुवात करून, मी निलोफर अयुब तांबोळी, वय अठ्ठावीस, शिक्षण बी.एस्सी., नोकरी रांजणगावच्या एका कंपनीच्या प्रयोगशाळेत, राहणार तळेगाव ढमढेरे, तालुका शिरूर, जिल्हा पुणे, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. याबद्दल घरात दुमत आहे, पण डॉक्टरांचा तसा दाखला सोबत जोडला आहे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. असलाच तर हे लिहू नये असा होता. अम्मीच्या मते लग्न न झालेल्या मुलीने असले अभद्र कागद करू नयेत. अब्बा मात्र म्हणाले, "वसीयत लिहून ठेवणं चांगलंच अस्तंय. मौलाना बी सांगत्यात." म्हणून लिहिते आहे.

कारण असे. गेल्या वर्षी रांजणगावच्या रस्त्यावर माझ्या स्कूटीसमोर एक कुत्रा आला. त्याला वाचवताना मी पडले आणि उजव्या पायात रॉड बसवावा लागला. त्यात कुत्र्याचा काही दोष नव्हता. त्याला रस्ता ओलांडायचा होता आणि मी घाईत होते. येत्या बुधवारी पुण्यात तो रॉड काढायचा आहे. शस्त्रक्रिया लहान आहे. पण मागच्या वेळी मी दवाखान्यात असताना माझ्या घरच्यांनी गाढवीला मांजराचे खाणे घातले आणि मांजराला गाढवीचे औषध. सगळे जगले, हे त्यांचे नशीब. पुन्हा तशी वेळ आली तर कोणाचे काय हे स्पष्ट असावे, एवढाच या कागदाचा उद्देश आहे.

कलम १. घर आणि जागा अब्बांची आहे. तिच्यावर माझा हक्क नाही, एक विनंती आहे. घरामागे शेवग्याखाली माझी पाच जनावरे पुरलेली आहेत. पहिले मांजराचे पिलू मी दुसरीत असताना आणले होते, अब्बांच्या टेम्पोच्या हत्यारांच्या पेटीत लपवून. अब्बांनी पाना काढायला पेटी उघडली आणि हातावर ओरखडे घेऊन बाहेर आले. पिलाला ते काही बोलले नाहीत. मला म्हणाले, "पुढच्या बारीला पेटीवर चिठ्ठी लाव." त्या जागी संडासाचा खड्डा किंवा बोअर घेऊ नये.

कलम २. बँकेतली शिल्लक. आमच्या कायद्याप्रमाणे वारसांखेरीज इतरांसाठी मला मिळकतीचा तिसरा हिस्साच ठेवता येतो. तो माझ्या जनावरांच्या खाण्यासाठी आणि औषधासाठी वापरावा. तो सांभाळायला मी माझी मैत्रीण अनिता हिला नेमते. अनिता केडगावात शाळेत शिकवते आणि हिशेबाला माझ्यापेक्षा पक्की आहे. उरलेले दोन हिस्से कायद्याने ज्यांचे त्यांचे. अम्मीने तिच्या वाट्यातून स्वतःसाठी काहीतरी घ्यावे. घरासाठी घेतलेला मिक्सर त्यात धरला जाणार नाही.

कलम ३. पदवीचे प्रमाणपत्र. आमच्या घरात पदवी घेणारी मी पहिली. ते प्रमाणपत्र अम्मीने चौकट करून समोरच्या खोलीत लावले आहे, आणि पाहुणा चहाला बसतो तो बरोबर त्याच्यासमोर बसेल अशी खुर्ची ठेवली आहे. ते अम्मीचे. मला दौंडला खालाकडे, म्हणजे मावशीकडे, ठेवून शिकवायचे तिनेच ठरवले होते. माझी पुस्तके गावातल्या मुलींच्या अभ्यासिकेला द्यावीत. पाने मांजरांनी कुरतडली असतील तर त्याबद्दल क्षमस्व.

कलम ४. मोठी अॅल्युमिनियमची तपेली. ही मूळची अम्मीची. एका ईदला मी तिच्यात कुत्र्यासाठी भात शिजवला, तेव्हापासून अम्मीने ती घरात घेतलेली नाही. मी ती अम्मीला परत करते. ती घेणार नाही हे मला ठाऊक आहे. पण परत केली, हे लिहून राहावे.

कलम ५. पत्र्याच्या शेडमधले सामान. बादल्या, साखळ्या, पोती, औषधांचा डबा आणि माझा शेडचा ड्रेस. कुत्र्याची लाळ लागलेल्या कपड्यांत नमाज होत नाही, म्हणून शेडसाठी माझा वेगळा ड्रेस असतो. तो अंगात घालून मी उंबऱ्याच्या आत येत नाही, हा अम्मीशी झालेला आमचा जुना करार आहे. त्याच्या शेजारच्या खिळ्यावर एक निळा शर्ट असतो. तो माझा नाही. अम्मी म्हणते टेम्पो पुसायचा असेल. मात्र तो नेहमी धुतलेला असतो. ज्याचा असेल त्याने न्यावा.

कलम ६. माझ्या दोन्ही मांजरी, चिमणी आणि मॅडम, अनिताकडे केडगावला जातील. मॅडमला एक कान नाही आणि तिला लहान मुले आवडत नाहीत. अनिताला हे सांगितले तेव्हा ती म्हणाली, "मलाही दुपारी चारनंतर आवडत नाहीत." दोघींचे जमेल.

कलम ७. गाढवी, नाव राणी. ती गावातल्या बापूसाहेबांच्या वीटभट्टीवर होती; त्यांना मी आप्पा म्हणते. पाठीला जखम झाल्यावर तिला रस्त्यावर सोडून दिले. मी ती घरी आणली, जखम भरली, आणि मग बापूसाहेबांचा निरोप आला की गाढव आमचे आहे. मी त्यांच्या दारात जाऊन म्हणाले, "आप्पा, तुमचं असेल तर आधी औषधाचं बिल घ्या, मग गाढव घ्या." त्यांनी दोन्हींपैकी काहीच घेतले नाही. पण पुढे माझा कुत्रा भुंकतो म्हणून ग्रामपंचायतीत माझ्या नावाने अर्ज दिला आणि मला भर बाजारात 'कुत्र्यांची अम्मी' म्हणाले. गाढवीबद्दलचा राग मी अजून धरून आहे. त्या नावाबद्दल नाही. ते मला आवडले.

राणी माझा भाऊ झिशान याच्याकडे राहील. तो कंपनीत शिफ्टला जातो, पण गाढवीचे खाणे दिवसातून दोनदाच असते.

"आपा, गाढव मला? दोस्त काय म्हणतील?"

"आत्ता काय म्हणतात?"

"आत्ता बी तेच म्हणतात," तो म्हणाला आणि कबूल झाला.

कलम ८. बापूसाहेबांना मी काहीही ठेवलेले नाही. शिरूरच्या वकील अपेक्षा मॅडम यांनी सांगितले की ज्याला मृत्युपत्रातून काही मिळणार आहे त्याने साक्षीदार म्हणून सही करू नये. म्हणून बापूसाहेब साक्षीदार. मी विचारायला गेले तेव्हा ते म्हणाले, "सही करतो की. पन मला काय ठिवलंय पोरी?" मी म्हणाले, "काहीच नाही आप्पा, म्हणून तर आले." ते मनापासून हसले. त्या हसण्यामुळे अर्जाबद्दलचा राग सोडते आहे. गाढवीबद्दलचा तसाच राहील.

कलम ९. स्कूटी विकू नये. झिशानने वापरावी. सावकाश.

कलम १०. माझा दफनविधी आपल्या रीतीप्रमाणे व्हावा. माझा कुत्रा जंक्शन मागून आला तर त्याला दगड मारू नये. तो कब्रस्तानाच्या फाटकापाशी आपोआप थांबतो.

कलम ११. जंक्शन. हे कलम मी शेवटी ठेवले, कारण याचे उत्तर माझ्याकडे नव्हते.

जंक्शन मला कॉलेजच्या पहिल्या वर्षी दौंड स्टेशनच्या जिन्याखाली सापडला. मुठीएवढा होता. खालाने घरात घेतला नाही. अब्बा दौंडला कांदा उतरवून टेम्पो रिकामा घेऊन परत निघाले होते. मी पिशवी उघडून दाखवली. ते पिशवीत डोकावले आणि म्हणाले, "मागं बसव. माझ्याशेजारी न्हाई." मी त्याच्यासोबत मागे बसून तळेगावपर्यंत आले. आज तो म्हातारा आहे आणि दोन्ही डोळ्यांनी आंधळा आहे. तो माझ्याआधी जाईल अशीच शक्यता जास्त आहे. तरीही मी दवाखान्यात असेन तेवढे दिवस, आणि परत आले नाही तर त्यापुढे, त्याला कोणीतरी हवे. तो नेमून दिलेल्या जागी खातो, पण ओळखीच्या माणसाचा आवाज आल्याशिवाय जागचा हलत नाही. मागच्या वर्षी मला वाटले होते उपाशी मेला असेल. दवाखान्यातून आले तेव्हा चांगला गुबगुबीत होता. अम्मीची मेहेरबानी, असे मी धरले.

आता मी एकेकाला विचारले. अनिताच्या घरमालकाला मांजर चालते, कुत्रा नाही. झिशानला लहानपणी एकदा कुत्रा चावला, तेव्हापासून तो कुत्र्यांना घाबरतो. पुण्यातल्या एका संस्थेने म्हातारा आणि आंधळा म्हटल्यावर फोन ठेवला. अम्मी म्हणाली, "भाकरी टाकीन. पन हात लावनार न्हाई. आन् मागल्या वर्षी मी टाकली न्हाई, मला वाटलं झिशाननं टाकली." झिशानला वाटले होते अम्मीने टाकली.

अब्बांना मी विचारले नाही. ते पाच वेळचे नमाजी आहेत. इतक्या वर्षांत त्यांनी जंक्शनला नावाने हाक मारलेली मी ऐकली नाही. ते 'ते' म्हणतात. 'ते जेवलं का', 'ते दारातून हालव'. ज्यांनी माझ्यासाठी त्याला अंगणात खपवून घेतले, त्यांच्यावर आणखी ओझे टाकणे मला बरे वाटले नाही. त्यांच्याकडून मला फक्त साक्षीदाराची सही हवी होती, आणि तीही त्यांनी नाकारली. शुक्रवारी ते मला टेम्पोने शिरूरला घेऊन गेले. वकील मॅडमनी साक्षीदाराचा नियम वाचून दाखवला. बाहेर आल्यावर अब्बा म्हणाले, "माझी सही धरू नगंस." आणि त्यांनी टेम्पो सुरू केला. हा कागद करून मी त्यांना दुखावले, असे मला वाटले. शनिवारभर हे कलम कोरे होते.

कलम ११ चा उरलेला भाग आज, रविवारी सकाळी लिहिला. सह्यांसाठी सगळे अंगणात जमले. बापूसाहेब आले, आठवडे बाजारात भाजी विकणाऱ्या आमच्या शेजारी शेवंताबाई आल्या, वकील मॅडम शिरूरहून आल्या. बापूसाहेबांनी पेन उघडता उघडता विचारले, "अयुब, पोरीच्या कागदावर तुझी सही कशी न्हाई रं?"

अब्बा म्हणाले, "वकीलबाई म्हनल्यात, ज्याला कायतरी मिळनार हाय त्यानं सही करायची न्हाई."

"मग? तुला काय मिळनार हाय?"

अब्बा उठले. ते शेडमध्ये गेले. बाहेर आले तेव्हा अंगात तो निळा शर्ट होता, नमाजाच्या सदऱ्यावरून घातलेला, गळ्यापर्यंत बटणे लावलेला. ते अंगणाच्या मधोमध उकिडवे बसले आणि हळूच म्हणाले, "जंक्शन, चल."

जंक्शन उठला. त्याने वास घेतला नाही, चाचपडला नाही. सरळ गेला आणि अब्बांच्या गुडघ्यावर हनुवटी ठेवली. ते काही पहिल्यांदा घडत नव्हते.

"आरं तिच्यायला," बापूसाहेब म्हणाले. "म्हंजी कुत्र्यांचा अब्बा बी हाय व्हय!"

मी विचारले, "अब्बा, मला सांगितलं का नाही?"

"तू कुठं इचारलंस? समद्या तालुक्याला इचारलंस."

वकील मॅडमनी सांगितले की अब्बा माझे वारस आहेत, तेव्हा त्यांना वेगळे काही द्यायचे तर दुसरी वारस म्हणून अम्मीची संमती असलेली बरी. अम्मी, म्हणजे सुगराबी अयुब तांबोळी, सर्वांसमक्ष म्हणाली, "हाय संमती. पन उंबऱ्याच्या आत न्हाई. आन् तो शर्ट आजपासून ज्याचा त्यानं धुवायचा."

"आजवर दुसरं कोन धुतंय?" अब्बा म्हणाले.

म्हणून लिहून ठेवते की जंक्शन माझे वडील अयुब यांच्याकडे राहील. कलम ५ मधील निळा शर्ट ज्याचा होता त्याला मिळाला आहे. कलम ४ मधील तपेलीही आता त्यांनीच वापरावी.

वरील सर्व मजकूर मी वाचून पाहिला, तो मला मान्य आहे, आणि मी समाधानी आहे. बुधवारी दवाखान्यात मला सोडून अब्बांनी संध्याकाळच्या आत घरी परत यावे, कारण जंक्शनची जेवायची वेळ होते.

ठिकाण: तळेगाव ढमढेरे
दिनांक: ९ फेब्रुवारी २०२५

लिहून देणार: निलोफर अयुब तांबोळी (सही)

साक्षीदार:
१. बापूसाहेब, वीटभट्टीवाले (सही)
२. शेवंताबाई (डाव्या हाताचा अंगठा)

संमती: सुगराबी अयुब तांबोळी (सही)

अयुब तांबोळी हजर होते. त्यांची सही मुद्दाम घेतलेली नाही.