सातव्या प्रकरणातलं एक वाक्य

प्रिय दीनाताई,

सप्रेम जय भीम.

तुझ्या पुस्तकाचं सातवं प्रकरण मिळालं. आमच्या घराबद्दल आहे म्हणून नावं आणि तपशील मी तपासावेत, माझा होकार आल्याशिवाय ते छापायला जाणार नाही, असं तू लिहिलंस. मी ते पुन्हा पुन्हा वाचलं. शाळा अर्धवट सुटल्यापासून मला इंग्रजी वाचायला वेळ लागतो, आणि वाचलेलं बरोबर वाचलं की नाही याची धास्ती असते. सगळं वाचून झाल्यावर एका वाक्यापाशी अडलो आहे. फोन केला असता तर तू भराभर बोलली असतीस आणि मी ‘हो हो’ म्हणून मोकळा झालो असतो, म्हणून लिहितो आहे. मराठीत लिहितो, कारण हे मला इंग्रजीत जमणार नाही. तुला बाबांनी अक्षरं शिकवली आहेत. आत्याकडून वाचून घेऊ नकोस, तिला भावाचं सगळं पुन्हा आठवेल. सावकाश लागलं तरी स्वतः वाच. मी अक्षर मोठं काढलं आहे.

आधी सोप्या गोष्टी सांगतो. बाबांचं नाव धोंडिबा, ते तू बरोबर लिहिलंस. पण प्रेसमध्ये त्यांना कोणी धोंडिबा म्हणत नसे, सगळे ‘डॉन’ म्हणायचे, आणि ते त्यांना आवडायचं. तू त्यांना ‘फॅक्टरी कामगार’ म्हटलं आहेस. चूक नाही, पण ते स्वतःला प्रिंटर म्हणवून घ्यायचे. पुण्यातही आणि इथे न्यूझीलंडला, ईस्ट टामाकीतल्या प्रेसमध्येही. शक्य असेल तर ते बदल. आणि ज्या जेवणाबद्दल तू लिहिलंस त्या दिवशी आईने वांगी केली नव्हती, कुमराची भाजी होती. आपल्या रताळ्यासारखं असतं ते. तुला गोड लागलं म्हणून तू वर ठेचा घेतलास, आणि मग नाक पुसत बसलीस.

पहिली सहा प्रकरणं मी आईला वाचून दाखवली, जमेल तशी मराठीत. वुल्व्हरहॅम्प्टनजवळच्या त्या छोट्या साप्ताहिकात तुला पहिली नोकरी लागली, तेव्हा मी पिंपरीत चौथीत होतो. आत्याने कात्रण पाठवलं होतं, कुठल्याशा पुलाच्या दुरुस्तीची बातमी. बाबांनी ते शेजारपाजारी दाखवलं. ते साप्ताहिक बंद पडलं तेव्हा घरात सगळ्यांना वाटलं, झालं, आता पोरगी घरी बसणार. तू त्याच्या बंद पडण्यावरच लेख लिहिलास, आणि तो लंडनच्या पेपरने घेतला. तिथून तेच तुझं काम झालं. कोणता चॅनेल विकला, कोणता संपादक गेला, कुठल्या पेपरने किती माणसं कमी केली. इथे रविवारी वंदनेला सगळे जमायचे तेव्हा बाबा हमखास तुझा विषय काढायचे. एकदा नितीशकाका म्हणाले, “म्हणजे ती बातम्यांची बातमी देते? मग तिची बातमी कोण देणार?” बाबा म्हणाले, “मी देतो की. बसा.” आणि खरंच अर्धा तास दिली. काकांचा चहा गार झाला.

तू स्वतःबद्दल लिहिलंस की एखाद्या न्यूजरूममध्ये तू शिरलीस की लोक टेबलाचे खण आवरायला लागतात. आईला ते ऐकून हसू आलं, मग तिने ते पुन्हा वाचायला लावलं. तुला हे इतकी वर्षं सोसावं लागलं असेल, असं आम्हाला कधी वाटलं नव्हतं. आम्ही फक्त तुझं नाव छापून आलेलं बघत होतो.

तू न्यूझीलंडच्या पेपरांवर लिहायला आलीस, हॉटेल सोडून आमच्याकडे राहिलीस, त्या महिन्यात बाबा जेवढे खूश होते तेवढे मी त्यांना इथे आल्यापासून पाहिले नाहीत. तुला प्रेस दाखवायला नेलं, मशीनच्या आवाजात ओरडून ओरडून सांगत होते आणि तुला अर्धंच ऐकू येत होतं. रोलच्या शेवटी उरलेला कोरा कागद घरी आणून त्यावर तुला क, ख, ग गिरवायला लावलं. तुझा ‘ळ’ कधी जमला नाही. हे तू प्रकरणात छान लिहिलंस, तिथे मला काहीच दुरुस्त करायचं नाही.

आता त्या संध्याकाळबद्दल. तू लिहिलंस की मामांनी, म्हणजे बाबांनी, जेवताना थट्टा केली. त्यांनी विचारलं होतं, “काय दीनाबाई, गावोगावचे पेपर बुडवत फिरतेस. आमचा नंबर कधी?” तू म्हणालीस, “मामा, नो शॉप टॉक, कामाचं नको, मी जेवतेय,” आणि भाकरीसाठी ताट पुढे केलंस. आपण सगळे हसलो. पण ती थट्टा नव्हती, ताई. लोअर हट या दूरच्या शहरातल्या, खोके-पाकिटं छापणाऱ्या एका कंपनीने बाबांना बोलावलं होतं. काम त्यांच्याच हातचं होतं. घर हलवावं लागणार होतं, आईला तिची नोकरी सोडावी लागणार होती, म्हणून ते अडले होते. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत उत्तर द्यायचं होतं. त्यांना तुला सरळ विचारायचा संकोच वाटला, म्हणून त्यांनी तसं विचारलं. जेवण झाल्यावर तू लॅपटॉप घेऊन खोलीत गेलीस. बाबा मला म्हणाले, “काही असतं तर ती बोलली असती. घरातली आहे.” मग त्यांनी मला नकाराचा मेल लिहायला सांगितला. मी तो लिहिला, स्पेलिंग तपासलं, त्यांना वाचून दाखवला आणि पाठवला. शेजारच्या खोलीत तुझ्या टायपिंगचा आवाज येत होता.

हे तुला आजवर कोणी सांगितलं नाही. बाबांनीच नको म्हटलं होतं. मी कारण विचारलं तर म्हणाले, “सांगून काय होणार?”

बाबांची प्रेस बंद होणार ही बातमी प्रेसच्या कंपनीने तुला आधी दिली होती आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या आत कुणाला कळवायची नाही असं वचन घेतलं होतं, त्याला तुमच्यात एम्बार्गो म्हणतात, हे मला तुझ्या प्रकरणातूनच कळलं. तू वचन मोडलं असतंस तर पुन्हा कोणी तुला काही सांगितलं नसतं, हेही मला समजलं. नऊला मॅनेजर सगळ्यांना जमवून सांगणार होता. तो ट्रॅफिकमध्ये अडकला, त्यात तुझी काहीच चूक नाही. सगळे कॅन्टीनमध्ये त्याची वाट बघत होते आणि तुझा लेख आपल्या वेळेला आला. बाबांच्या शेजारच्या मशीनवर काम करणारा, सिओने नावाचा माणूस फोन पुढे करून म्हणाला, “डॉन, ही तुझी भाची ना?” बाबांनी नाव वाचलं आणि ‘हो’ म्हणाले. सिओनेने हे मला बाबांच्या अंत्यविधीला सांगितलं. बाबांनी घरी हा विषय कधीच काढला नाही.

त्यांनी लोअर हटला पुन्हा फोन केला होता. ती जागा भरली होती. मग बाबा हॅमिल्टनजवळ ‘ते रापा’ इथल्या दूध पावडरच्या कारखान्यात लागले, पॅकिंगला. आठवडाभर हॅमिल्टनला एका खोलीत राहायचे, शनिवारी घरी यायचे. पांढरा झगा, डोक्याला जाळी. म्हणायचे, “आता पांढऱ्यावर पांढरं छापतो.” हसायचेही. तिथली माणसं चांगली होती, त्यांनी बाबांना काही कमी केलं नाही. पण तुझे लेख ते आता मागत नसत. मी वाचून दाखवला तर ऐकायचे. गेल्या जुलैत त्या खोलीतच त्यांना अटॅक आला. तू पुण्यानुमोदनाला व्हिडिओवर होतीस, आईने तुला बघितलं. तिला तुझा राग नाही, हे तिने मुद्दाम लिहायला सांगितलं आहे.

आता ते वाक्य. तू लंडनला परत गेल्यावर एका शनिवारी फोन केलास. मी स्पीकर लावून फोन बाबांच्या हातात दिला. आधी का सांगता आलं नाही यावर तू पुष्कळ बोललीस, अर्धं मराठीत, अर्धं इंग्रजीत, आणि शेवटी तुला रडू आलं. बाबांनी सगळं ऐकून घेतलं. मग ते ‘बरं’ म्हणाले, फोन माझ्याकडे दिला आणि कचऱ्याचा बिन आत घ्यायला बाहेर गेले. तू प्रकरणाच्या शेवटी लिहिलंस की मामा म्हणाले, ‘इट्स ऑल राइट’, आणि त्यांनी तुला माफ केलं. ताई, ‘बरी आहेस का’ मधलं ‘बरं’ तुला माहीत आहे, म्हणून तुला तसं वाटलं असेल. पण नुसतं ‘बरं’ म्हणजे ते नव्हे. आईने मीठ संपलं सांगितलं तरी बाबा ‘बरं’ म्हणायचे. डॉक्टरांनी गोळ्या वाढवल्या तेव्हाही ‘बरं’ म्हणाले. म्हणजे ऐकलं, एवढंच. पुढे काय, ते त्यात नसतं. मी फोन घेताना त्यांच्याकडे बघितलं होतं आणि मला काही कळलं नाही. नंतर विचारीन म्हणत राहिलो, ते राहून गेलं. आई म्हणते, राहू दे तसंच, तिला तेवढाच आधार, आणि गेलेल्या माणसाने माफ केलं असं लिहिलं तर कोणाचं काय जातं. मी त्यावर खूप विचार केला. तुझा आधार काढून घ्यावा असं मला अजिबात वाटत नाही. पण ते त्यांनी केलं की नाही हे आपल्या तिघांनाही माहीत नाही, आणि एकदा छापलं की तेच खरं ठरेल. तेवढं वाक्य काढ. ‘बरं’ तसंच मराठीत ठेव, त्याचा अर्थ देऊ नकोस. बाकी सगळ्या प्रकरणाला माझा होकार आहे.

तुझाच,
मैत्रेय