हात न लावायच्या नोटा

॥ श्री ॥
कोल्हापूर, ता. ९ फेब्रुवारी १९९८

ती. अक्कास,
विरूचे शि. सा. नमस्कार. वि. वि.

तुझा पाय आता कसा आहे? तेल दोन्ही वेळा चोळतेस ना, का माझी पाठ फिरली आणि बाटली कोनाड्यात गेली? तुझ्याकडं पेठ वडगावला चार दिवस राहून आलो, जेवलो, झोपलो, बरं वाटलं. घरी पोचलो आणि सगळं खाल्लेलं अंगातनं उतरलं.

माझ्या नोटा तुला ठाऊक आहेत. डॉलर आणि पौंड कोणीही जमवतं, त्यांना भाव आहे म्हणून. मी जमवतो त्या ज्यांना कोणी विचारत नाही अशा. मंगोलियाची, जिच्यावर बैलांच्या रांगेनं ओढत नेलेलं अख्खं घर आहे ती. लाओसची, हत्ती ओंडके ओढतात ती. सीरियाची, कापूस वेचणाऱ्या बायकांची. बँक असल्या नोटा बदलून देत नाही, म्हणून अंबाबाईच्या देवळाकडं आलेले परदेशी पाहुणे, नाहीतर जहाजावर नोकरीला असलेला आपला अमरेश, मला देऊन टाकतात. मग मी त्या चिमट्यानं धरून, घडी न पाडता, बोट न लावता आल्बममध्ये ठेवतो. कपाटावर पाटीसुद्धा आहे, ‘हात लावू नये’.

मी आलो त्याच दिवशी सूनबाई बाळंतपणासाठी शिरोळला माहेरी निघाली. जाताना पाया पडली आणि म्हणाली, मामा, कपाट उघडून बघा, तुमच्यासाठी एक काम करून ठेवलंय. मी उघडलं. अक्का, सौंदर्यानं सगळ्या नोटांचं लॅमिनेशन करून आणलंय! शंभरावर नोटा, एकेक प्लॅस्टिकमध्ये घालून गरम यंत्रातनं काढलेली, कडा गोल केलेली, ओळखपत्रासारखी. मी तिथंच खाली बसलो. शिवलीला पाण्याचा तांब्या घेऊन आली, तिला वाटलं मला भोवळ आली.

जुनी नाणी जमवणारे हंबीरराव आहेत ना, त्यांना बोलावून दाखवलं. त्यांनी एक नोट उलटीसुलटी केली आणि सांगितलं की ह्याचा गोंद कागदात मुरलाय, आता सुटायचा न्हाई, जमवणाऱ्यांच्या लेखी ह्या नोटा गेल्या. तरी मी एकीची कड कापून गरम पाण्यात घातली. तिचा लगदा झाला.

परवा सौंदर्याचा आपल्या भांड्यांच्या दुकानात फोन आला, मामा, आवडलं का म्हणून. मी फोन ठेवून दिला. रुद्रेशला सांगून टाकलंय, तुझ्या लेकराच्या बारशाला मी येणार नाही. शिवलीला म्हणते हे सासऱ्याला शोभत नाही. न शोभू दे.

तुझा लोभ तेवढा राहू दे, बाकी सगळ्याचं प्लॅस्टिक झालं आहे.

तुझा,
विरूपाक्ष


पेठ वडगाव, ता. १७ फेब्रुवारी १९९८

चि. विरूस अक्काचे अनेक आशीर्वाद.

पाय बरा आहे, तेल चोळते. तुझं पत्र चष्मा लावून दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाईट वाटलं, दुसऱ्यांदा हसू आलं. राग येईल तर येऊ दे, तुला लहानपणापासून येतोच.

गेल्या दिवाळीत मी तुझ्याकडं आले होते, आठवतं का? कापूस वेचणाऱ्या त्या बायका मला जवळून बघायच्या होत्या, कारण आईबरोबर मीही कापूस वेचायला गेलेय. तू म्हणालास, अक्का, लांबनं बघ, तुझ्या हाताला तेल हाय. मला मोतीबिंदू, मी लांबून काय बघणार? मला त्या नोटेवर एक पांढरा डाग दिसला. बरं दिसतंय म्हटलं आणि चहा प्यायला गेले. तुझ्या नोटांना कोणी विचारत नाही म्हणून तू मला दर पत्रात रडून दाखवतोस. कोणी विचारायला जवळ आलं की तूच चिमटा उगारतोस, त्याला कोण काय करणार?

त्या पोरीनं असं का केलं, हे तिला विचारलंस का? फोन ठेवून दिलास! पहिलटकरीण आहे ती, विरू. अशा दिवसांत बाईचं मन किती हळवं असतं हे तुला शिवलीलेकडून कळलं नसेल तर आता माझ्याकडून कळू दे. आणि बारशाला येणार नाहीस म्हणे. नको येऊ. मी जाईन, ह्या पायावर जाईन, आणि आजोबा कुठं आहेत असं कोणी विचारलं तर खरं काय ते सांगेन.

ती कापसाची नोट मला पाठवून दे. आता तेल लागलं तर पुसता येईल.

शिवलीलेला सांग, ह्याच्या ताटात महिनाभर गोड वाढू नको. लोभ आहेच, तो कमी करायचं मला कधी जमलं नाही.

तुझी,
बसम्मा अक्का


शिरोळ, ता. २ मार्च १९९८

ती. मामांच्या चरणी सौंदर्याचे शरणु शरणार्थी.

इकडं सगळे ठीक आहेत. डॉक्टरीणबाईंनी एप्रिलच्या सुरुवातीची तारीख दिली आहे. ती. सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. त्यांनी दिलेली जवसाची चटणी संपली, आईनं केलेली मला आवडत नाही, हे आईला कळू देऊ नका.

नोटा बिघडल्या हे मला ह्यांच्याकडून कळलं. मामा, मला खरंच ठाऊक नव्हतं. मी लहान असताना आमच्या घरात दोनदा कृष्णेचं पाणी आलं. पहिल्या वेळी माझ्या आजीचा एकुलता एक फोटो भिजून गेला. आजी कशी दिसायची ते आता आमच्यापैकी कोणालाच नीट आठवत नाही. तेव्हापासून आमच्याकडं जे जपायचं असतं त्याचं लॅमिनेशन करतात. शेताचा उतारा, माझी दहावीची मार्कलिस्ट, आमच्या लग्नाची पत्रिकासुद्धा. तुमच्या आल्बमच्या दोन पानांना कसर लागलेली दिसली. तुम्ही वडगावला होता. डोहाळजेवणाचे आलेले पैसे माझ्याकडं होते. दुकानदार म्हणाला, आता ह्याला शंभर वर्षं काही होत नाही. मी इतक्या आनंदात घरी आले की वाटेत भाजी घ्यायची विसरले.

आणखी एक सांगायचं आहे, तेही आजच सांगून टाकते. फिजी देशाची ऊस तोडणाऱ्या माणसांची नोट मी लॅमिनेशनला दिली नव्हती. आमच्या आप्पांना दाखवावी म्हणून वहीत घालून इकडं आणली. तुमची एक तरी नोट जशीच्या तशी आहे, असं मला लिहायचं होतं. पण आप्पा ती खिशात घालून साखर कारखान्यावर गेले. तिथं ट्रॅक्टरच्या रांगेत ती सगळ्यांच्या हातातनं फिरली आणि वाद पेटला म्हणे. एक जण म्हणाला, ह्यास्नी तोडता येत न्हाई, बुडखा ठेवत्यात की. दुसरा म्हणाला, तोड जाऊ दे, पर ऊस बघ की कसा हाय. आता नोटेला चार घड्या पडल्या आहेत आणि कोपऱ्यावर ग्रीसचं बोट उमटलं आहे. आप्पा ती परत देत नाहीत. अजून लई जणांस्नी दाखवायची हाय म्हणतात.

तुम्ही बारशाला येणार नाही असं हे म्हणाले. मामा, तुम्ही मला समोर बसवून रागावला असता तर मी ऐकून घेतलं असतं, रडलेही असते. पण तुम्ही आला नाहीत तर ते मला सोसणार नाही. मला आपल्या घरी परत यायचं आहे. त्या कपाटासमोरून कशी जाऊ, एवढंच कळत नाही.

राग असला तरी त्याच्याखाली थोडी माया राहू द्यावी, ही विनंती.

तुमची,
सौंदर्या


कोल्हापूर, ता. ११ मार्च १९९८

ती. अक्कास शि. सा. नमस्कार. वि. वि.

कापसाची नोट सोबत पाठवतो आहे. तेल लाव, तूप लाव, काय वाटेल ते कर. शिवलीलेनं तुझा निरोप शब्दशः पाळला. काल शेजाऱ्यांकडनं बासुंदी आली होती, मला वास दिला फक्त.

सौंदर्याचं पत्र आलं. फिजीच्या नोटेचं वाचून मी पुन्हा खाली बसलो. माझ्याकडची तेवढी एकच वाचली होती, तर तिला व्याही ग्रीस लावून फिरवताहेत. मग तिच्या आजीच्या फोटोचं वाचलं. पत्र घडी करून खिशात ठेवलं. उत्तर लिहायला दोनदा कागद घेतला, पण ‘आशीर्वाद’च्या पुढं काही सुचेना.

दुकानातली एक गंमत लिहितो. नोटा वाया गेल्याच आहेत म्हणून मंगोलियाची एक मी दुकानात नेऊन पावत्यांवर दाबायला ठेवली होती. कळंब्याच्या विठाबाई लेकीच्या लग्नाच्या कळशीवर नाव घालून घ्यायला आल्या. मी यंत्र जुळवत होतो तेवढ्यात त्यांनी ती नोट उचलली. माझ्या तोंडातनं इतक्या जोरात ‘हात लावू नका’ निघालं की समोरच्या गिऱ्हाइकाच्या हातनं झाकण पडलं. विठाबाईंनी नोट पटकन पदराला पुसली आणि खाली ठेवली. ते बघितलं आणि मला माझीच लाज वाटली. त्या नोटेला आता काय होणार होतं? मी ती उचलून परत त्यांच्या हातात दिली.

त्यांनी ती उजेडाकडं धरून कितीतरी वेळ बघितली. मग विचारलं, पावणं, ही मानसं घर घेऊन कुठं निघाल्यात? अक्का, वीस वर्षांत मला असा प्रश्न कोणी विचारला नव्हता. हंबीररावसुद्धा फक्त भाव विचारतात. मी त्यांना गवताळ रानं सांगितली, थंडी सांगितली, तंबूची घरं सांगितली. त्या म्हणाल्या, आमच्या ऊसतोडीच्या मानसांगतच हाय की ह्येंचं, रान संपलं की घर उचलायचं. बोलता बोलता कळशीवर नाव घालायचंच राहिलं. दुसऱ्या दिवशी येऊन घेऊन गेल्या, आणि बरोबर लेकीलाही घेऊन आल्या, बैलाचं घर दाखवायला.

आता दुकानात लाओसचे हत्तीही आणून ठेवलेत. पण माझा राग गेला असं समजू नको. बारशाचं मी अजून काही ठरवलेलं नाही.

तुझ्या मायेत खंड पडू नये, आणि शिवलीलेला गोडाबद्दल नवा निरोप धाडावा.

तुझा,
विरू


शिरोळ, ता. ६ एप्रिल १९९८

ती. मामांना शरणु शरणार्थी.

शुक्रवारी सकाळी मला मुलगी झाली. ह्यांनी दुकानात फोन करून कळवलंच आहे. तुम्ही फोन ठेवला नाहीत असं हे म्हणाले. मुलीचे कान तुमच्यासारखे आहेत. मूठ फार घट्ट आहे, जे हाताला लागेल ते धरते. काल डॉक्टरीणबाईंची नळी धरली, ती सोडवायला दोघी लागल्या.

बारसं पंधरा तारखेला ठरवलं आहे. सुतारानं पाळणा आणून दिला, रंगही वाळला. पण आप्पा हटून बसलेत. कोल्हापूरचं पावणं आल्याबिगर माझी नात पाळण्यात घालायची न्हाई, असं त्यांनी साऱ्या गल्लीला ऐकवलं. मी त्यांना म्हटलं, असं बोलून कोणाला आणू नये. ज्याला यावंसं वाटेल तो येईल.

माझ्या मागच्या पत्राचं उत्तर आलं नाही. मी रोज पोस्टमनची वाट बघितली. उत्तरात राग असता तरी चाललं असतं.

पाळण्यावर टांगायला आई गावच्या बाजारातनं लाकडी चिमण्यांचं चिमणाळं आणणार आहे. फिजीची नोट ह्या पत्रातनं पाठवावी म्हटलं, तर आप्पांच्या खिशातून ती निघत नाही.

नातीचा लोभ धरावा. माझा नंतर धरला तरी चालेल.

तुमची,
सौंदर्या


कोल्हापूर, ता. ९ एप्रिल १९९८

चि. सौ. सौंदर्यास अनेक आशीर्वाद, आणि तुझ्या लेकीला त्याहून अधिक.

तुझं मागचं पत्र महिनाभर माझ्या खिशात आहे. त्यालाही आता चार घड्या पडल्या आहेत. उत्तर लिहिलं नाही, कारण रागानं लिहायला बसलो तर राग सापडेना, आणि मायेनं लिहायची मला सवय नाही. शिवलीला म्हणते, सवय कर. तर आता करतो आहे, अक्षर वाकडं आलं तर समजून घे.

नोटा बिघडल्या हे खरं आहे. तुला बरं वाटावं म्हणून खोटं लिहिणार नाही. मला वाईट वाटलं, अजून काही दिवस वाटेल. पण ह्या महिन्यात माझ्या दुकानात जेवढ्या माणसांनी त्या हातात घेतल्या, तेवढ्यांनी वीस वर्षांत त्या लांबूनही बघितल्या नव्हत्या. अक्कानं कापसाची नोट देवघरात ठेवली आहे. त्यातली डावीकडची बाई आपल्या आईसारखी वाकते, असं तिनं कळवलं. मी ती नोट रोज बघत होतो, मला कधी आई दिसली नाही.

कपाटावरची पाटी काढून टाकली. ती नीट ठेवून द्यावी म्हटलं तोवर तुझ्या सासूनं बंबात घालून पाणी तापवलं. बरंच पाणी तापलं.

मी बारशाला येतो आहे. आदल्या दिवशीच येईन, अक्काला वडगावहून बरोबर घेऊन. व्याह्यांना सांग, आता हट्ट सोडा, पाळणा झाडून ठेवा. फिजीची नोट त्यांच्या खिशातच राहू दे. प्लॅस्टिकबाहेर राहिलेली ती एकटीच, आणि ऊस कळणाऱ्या माणसाकडं आहे.

चिमणाळं मात्र आईला घेऊ देऊ नको, ते मी आणतो. दुकानातल्या पंचानं नोटांना भोकं पाडतो आहे. पहिलं भोक पाडताना डोळे मिटून घेतले होते, आता हात बसला. लाल दोऱ्यात ओवून मधोमध मंगोलियाचं घर येईल, भोवती हत्ती. अक्कानं तिची कापसाची नोट एका महिन्याच्या बोलीवर द्यायचं कबूल केलंय. तुझ्या सासूनं सगळ्या साबणानं धुऊन पुसून ठेवल्यात. पोरीनं ओढल्या, लाळ लावली, तोंडात घातल्या तरी त्यांना काही होत नाही, ते तू आधीच बघून ठेवलंस.

ह्या घरावर लोभ ठेव. आणि सव्वा महिना झाला की पोरीला कडेवर घेऊन त्या कपाटासमोरूनच आत ये, दुसरी वाट नाही.

तुझे,
मामा

ता. क. - पाळण्यात घातल्यावर मला जवळ बसू दे. ती पहिल्यांदा कोणत्या देशाला हात लावते ते मला बघायचं आहे. इतक्या लहान पोरीचा हात वर पोचत नाही हे मला ठाऊक आहे. मी दोरा खाली धरीन.