अठ्ठेचाळीस सेकंदांची यादी

प्रिय चिंगे,

फोनवर तू आधी माझीच विचारपूस करतेस, जेवलास का, मान दुखायची थांबली का, आणि माझं सांगायचं राहून जातं. म्हणून लिहायला बसलोय. अक्षर लागलं नाही तर तुझ्या वहिनीला फोन कर, तिला सवय आहे.

आधी कामाचं. आमच्या कंपनीच्या सिस्टिमवरची तुमच्या वॉर्डातली औषधांची यादी आता एका सेकंदात उघडते. हे लिहिताना आनंद व्हायला हवा, पण नुसती चिडचिड होतेय. अकरा दिवसांत झालेलं हे काम दोन वर्षांपूर्वीच व्हायला हवं होतं. यादी नुसती फिरत राहते, जरा बघ ना, असं तू किती वेळा सांगितलंस. मी दर वेळी तुमच्या इस्पितळाच्या इंटरनेटला नावं ठेवली. नाचता येईना, अंगण वाकडं.

तू रजेवर गेल्यावर मी तुमच्या वॉर्डात जाऊन बसलो, नर्सच्या टेबलामागे, प्लास्टिकच्या खुर्चीत. तुझ्या जागी आलेल्या बाई यादी उघडायच्या, हात धुऊन यायच्या, एखाद्याचं सलाइन बघून यायच्या, तरी पडद्यावर ते चक्र आपलं फिरतंय. मी वेळ मोजली. अठ्ठेचाळीस सेकंद. बाईंच्या ते अंगवळणी पडलं होतं. तेच जास्त लागलं.

ऑफिसात येऊन कोड उघडला आणि डोकं भिंतीवर आपटावंसं वाटलं. यादीत तुम्हाला दिसायला हवं काय, तर नाव, खाट, औषध, वेळ. आणि आमचा प्रोग्राम डेटाबेसमधून प्रत्येक पेशंटचं अख्खं बाड उचलून आणत होता. जुन्या नोंदी, सगळे रिपोर्ट, एक्स-रेसुद्धा. चाळीस खाटांची चाळीस बाडं, आणि दाखवायची प्रत्येकातली एक ओळ. वर डॉक्टरचं नाव आणायला दर पेशंटमागे आणखी एक खेप. आम्ही प्रोग्राम बनवून तपासला तेव्हा यादीत दहा खोटे पेशंट होते, कुणालाच मागचा इतिहास नाही. पळणारच की.

साहेब म्हणाले, सर्व्हर मोठा घेऊ, चालत्या गाडीला हात लावू नकोस. तीन बैठका झाल्या, पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी त्यांना तुमच्या वॉर्डात नेऊन त्याच खुर्चीत बसवलं. दहा मिनिटांत उठले आणि कर म्हणाले.

त्यातही मी घाई केली. लागेल तेवढंच आणायचं या नादात ॲलर्जीची नोंद वगळली. चाचणीत तो रकाना कोरा दिसला, आणि कोरा म्हणजे ॲलर्जी नाही असंच कुणीही वाचलं असतं. मग तुझा जुना मेसेज शोधला. वॉर्डात खरोखर काय काय बघावं लागतं, ते तू क्रमाने लिहून पाठवलं होतंस. ॲलर्जी पहिल्याच ओळीत होती. मी तो मेसेज तेव्हा उघडलासुद्धा नव्हता. ती नोंद आता यादीत परत आणलीय.

आता ज्यासाठी लिहितोय ते. त्या दुपारी इंजेक्शनला पंचवीस मिनिटं उशीर झाला, तुझ्या वॉर्डातल्या पेशंट आजोबांचा ताप चढला आणि हलगर्जीपणाचा मेमो तुझ्या नावावर निघाला. तू मला म्हणालीस, "चूक माझीच असेल दादा. कंपनीच्या माणसाने सांगितलं, सिस्टिम ठीक होती." वर, ऑफिसात कुणावर राग काढू नकोस, असंही बजावलंस. चिंगे, तो माणूस मीच. तुमच्या इस्पितळातून चौकशीचा फोन आला तेव्हा कुठला वॉर्ड, कुठला दिवस, काही विचारलं नाही. सिस्टिम चालू दिसली, ठीक आहे म्हणून मोकळा झालो. तू सांगितलंस तेव्हा सगळं उमगलं, तरी गप्प बसलो. परवा नोंदी काढल्या. चार दहापासून चार पस्तीसपर्यंत तू यादी नऊ वेळा उघडायला गेलीस, आठ वेळा ती अर्ध्यातच बंद पडली, नवव्यांदा उघडली. हे सगळं, आणि माझं आधीचं उत्तर चुकीचं होतं हेही, सहीनिशी लिहून आज सकाळी तुमच्या मेट्रनबाईंच्या हातात दिलंय. प्रत सोबत आहे. तू राजीनामा लिहून ठेवलायस असं आई म्हणाली. तो देण्याआधी ही प्रत वाच. माझ्याशी बोलायचं की नाही, ते नंतर ठरव.

तुझाच,
दादा