चाळलेली माती

बाबा, परवा आपल्या विमानतळावर विमानात बसून मी पाऊण तास नुसती खिडकीबाहेर बघत होते. लेकीकडे बंगळूरला निघाले होते. पट्टे बांधून झाले, विमान धावपट्टीच्या तोंडाशी गेलं आणि तिथेच थांबलं. मग वैमानिकाचा आवाज आला, धावपट्टीवर एक प्राणी शिरला आहे, त्याला बाहेर काढेपर्यंत थांबावं लागेल. शेजारच्या सीटवरची मुलगी वैतागून म्हणाली, "सीरियसली? एका डॉगीसाठी फ्लाईट डिले?" माझ्याने राहवलं नाही. म्हटलं, "कुत्रा असेल, नाहीतर कोल्हा असेल. पायाचा ठसा बघितल्याशिवाय सांगता येत नाही." तिने मान वळवून माझ्याकडे नीट पाहिलं. "आंटी, तुम्ही एअरपोर्टवर जॉबला होता?" "मी नाही. माझे वडील," मी म्हटलं, आणि पुन्हा खिडकीकडे तोंड केलं. तुम्हाला जाऊन अठरा वर्षं झाली. त्या पाऊण तासात मी ठरवलं की तुमच्या चष्म्याबद्दल तुम्हाला एकदा सांगून टाकायचं.

तुमचं काम काय, हे मला शाळेत कधी धड सांगता यायचं नाही. बाकीच्या मुलींचे वडील बँकेत, कॉलेजात नाहीतर कारखान्यात. माझे वडील विमानाच्या वाटेत जनावर येऊ देत नाहीत, असं मी सांगितलं की सगळा वर्ग हसायचा. घरी येऊन मी रडले तेव्हा तुम्ही मला समोर बसवून समजावलं होतं, "पक्षी वरून येतो, निदान दिसतो तरी. हे गवतातून येतात. विमान टेकतंय आणि हा समोर आला, तर वैमानिकाला थांबता येत नाही आणि वळताही येत नाही. आत माणसं असतात गं." म्हणून रोज संध्याकाळी तुम्ही कुंपणाच्या भिंतीखाली जिथे जिथे फट असेल, बीळ असेल, तिथे बारीक चाळलेली माती पसरायचात आणि पहाटे, पहिलं विमान यायच्या आधी, त्या मातीवर कुणाचे पाय उमटलेत ते वाचत जायचात. माती चाळायचं काम माझं. आपल्या क्वार्टरच्या मागच्या दारात मी बसले आहे, मांडीवर आईची पिठाची चाळण, आणि आई आतून ओरडते आहे, "अहो, ह्या घरात कणीक चाळायची की विमानतळ?" तुम्ही शांतपणे म्हणता, "चाळण धुऊन मिळेल." "धुऊन! उद्या पोळी कचकचली तर म्हणू नका मीठ नीट विरघळलं नाही." तुम्ही माझ्याकडे बघून डोळे मिचकावता. मग सायकलच्या दांडीवर मी, मागे मातीची पिशवी, आणि आपण भिंतीच्या बाहेरून ओढ्यापर्यंत जातो. त्या संध्याकाळी परत मिळाल्या तर मी दुसरं काही मागणार नाही.

तुम्ही मला सगळं शिकवलंत. कुत्र्याची बोटं फाकलेली, मुंगसाची नखं लांब, सशाचे मागचे पाय पुढच्यांच्या पुढे पडतात. कोल्ह्याचा ठसा लांबट, आणि मधल्या दोन बोटांच्या गाद्या मागे एकमेकींना चिकटलेल्या. "माणूस फसवेल, माती नाही फसवत," असं म्हणून तुम्ही वही उघडायचात आणि तुमच्या त्या सुंदर अक्षरात जागा, वेळ, प्राणी लिहायचात. हेही तुम्हीच शिकवलंत की हाताने सारखी केलेली माती लगेच ओळखू येते, तिच्यावर बोटांच्या रेघा राहतात. ठसा पुसायचा तर वरून पुन्हा चाळण धरावी लागते.

मी सातवीत होते त्या वर्षी ओढ्याच्या करवंदीच्या जाळीत कोल्हीण व्याली. तीन पिल्लं होती. मी शाळेची बस पकडायला जाताना त्यांना पाहिलं आणि कुणालाही सांगितलं नाही. कोल्हीण भिंतीखालच्या फटीतून संध्याकाळी आत जायची, गवतात उंदीर धरायची आणि उजाडायच्या आत परत यायची. सहज आठवल्यासारखं करून मी तुम्हाला विचारलं, कोल्हा रोज येतो असं दिसलं तर काय करता? "पिंजरा लावायचा. मग वनखात्याची माणसं लांब नेऊन सोडतात." "आणि तिची पिल्लं असली तर?" तुम्ही म्हणालात, "पिल्लं असली तर वाईट."

तुमची फेरी पलीकडच्या टोकापासून सुरू व्हायची, ओढ्यापाशी तुम्ही शेवटी पोचायचात. तीन दिवस पहाटे मी तुमच्या आधी तिथे गेले. मधली दोन बोटं चिकटलेले ठसे तळहाताने पुसले आणि आईची चाळण धरून वरून माती भुरभुरवली. तुम्ही शिकवलं होतं तशीच. तीन दिवस तुमच्या वहीत त्या जागेपुढे लिहिलेलं आहे, काही नाही.

चौथ्या दिवशी सकाळचं विमान चाकं टेकता टेकता गरजत पुन्हा वर गेलं. आपल्या घराच्या काचा थरथरल्या. आई पोळपाट सोडून दारात आली. विमान एक मोठी चक्कर घेऊन सुखरूप उतरलं, धावपट्टीवर आलेली कोल्हीणही गवतात पळून गेली, पण आतली माणसं उतरली ती पांढरी पडून, एका बाईला तर धरून आणावं लागलं म्हणे. साहेबांनी तुमची वही मागवली. तुम्ही घरी आलात, टोपी खुंटीला लावली आणि आईला एवढंच म्हणालात, "माझ्या नजरेतून सुटलं. तीन दिवस सुटलं." तुमच्याकडून पहाटेची फेरी काढून घेतली आणि तुम्हाला गोदामात बसवलं. फट सिमेंटने बुजवली. चार दिवसांनी मला कोल्हीण तिन्ही पिल्लांना घेऊन ओढ्याच्या पलीकडे जाताना दिसली, आणि बाबा, मला आनंद झाला. तो आनंद अजून पुरता गेलेला नाही, हेही तुम्हाला सांगायला हवं.

पुढच्या रविवारी आपण शनिवार पेठेत चष्म्याच्या दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, "नंबर नावाला आहे. वयाप्रमाणे वाचायला लागेल कधीतरी. लांबचं छान दिसतंय तुम्हाला." तुम्ही म्हणालात, "तुम्ही काचा द्या. मला काय दिसत नाही ते मला माहीत आहे." "मग दिसत नाही ते लिहून आणायचं होतंत, त्याप्रमाणे काच घासली असती," तो म्हणाला आणि हसला. तुम्ही हसला नाहीत. बाहेर येऊन चष्मा लावलात, रस्त्याकडे वाकून बराच वेळ पाहिलंत. मी तुमचं बोट धरून उभी होते. मला बोलायचं होतं. आमच्या शाळेत ख्रिश्चन मुली दर शुक्रवारी चॅपेलमध्ये जाऊन फादरना आपली पापं सांगून मोकळ्या होऊन यायच्या, येताना चेहरे धुतल्यासारखे. आम्हा बाकीच्यांना तेवढा वेळ नीतिशिक्षणाचा तास असायचा. मी त्या तासाला पहिली यायचे.

पुढे तुम्ही निवृत्त झालात, मंडईत भाजी घेताना वांगं चष्म्यापाशी धरून बघायला लागलात, रस्ता ओलांडताना माझा हात शोधायला लागलात. "डोळे गेले तेव्हाच गेले," असं तुम्ही आल्यागेल्याला सांगायचात आणि मी चहा टाकायला आत जायचे. शेवटच्या आजारपणात एका दुपारी तुम्ही म्हणालात, "चष्मा दे गं, कोण आलंय बघू." मी आले होते, बाबा. खोलीत आपण दोघंच होतो. मी पदराने काचा पुसल्या आणि चष्मा तुमच्या कानांवर बसवला.

तो अजून माझ्या कपाटात आहे. बंगळूरहून आल्यावर काल मी तो लावून गॅलरीत उभी राहिले. समोरच्या इमारतीवरची अक्षरं, तारेवरचा पारवा, खाली कुणीतरी झाडत असलेला रस्ता, सगळं चष्म्याशिवाय दिसतं तसंच दिसलं.

तुमचे डोळे चांगले होते. हे मी आज लिहू शकले, कारण तुम्ही ते वाचणार नाही.